पत्ता उजवीकडून वाचा

परवा सकाळी भाची एका हातात सेव-उसळीची प्लेट आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. "मावशी, मेल आलाय, स्कॉलरशिप मंजूर! आज सहापर्यंत 499 रुपये भरायचेत, व्हेरिफिकेशनचे." ती इथेच, बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत बी.एस्सी.ला आहे आणि फॉर्म तिने खरंच भरला होता. पण मेल बनावट होता. मग ठगाला हे कसं कळलं? कळायची गरजच नसते. तोच मेल हजारो विद्यार्थ्यांना धाडला की त्यात फॉर्म भरलेले निघतातच.

पाठवणाऱ्याच्या जागी 'स्कॉलरशिप विभाग' असं भारदस्त नाव होतं. ते नाव म्हणजे नुसती टाइप केलेली अक्षरं. नावावर बोट ठेवलं की खालचा खरा पत्ता दिसतो, पण तोही बनावट असू शकतो. ई-मेल पोहोचवण्याची जी पद्धत आजही चालते, तिचे नियम 1982 साली लिहिले गेले. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा होत्या, एकमेकांवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. त्यामुळे प्रेषक कोण, हे पाठवणाऱ्यानेच सांगायचं. पोस्टकार्डावर कुणाचंही नाव लिहून टाका, पोस्टमन थोडाच आधार कार्ड मागतो!

पुढे ठिगळं लावली गेली: एसपीएफ, डीकेआयएम आणि 2012 मध्ये डीमार्क. डोमेन म्हणजे पत्त्यातलं '@' नंतरचं नाव; त्या डोमेनने परवानगी दिलेल्या सर्व्हरवरूनच मेल आला का, त्यावरची डिजिटल सही जुळते का, हे त्यातून तपासलं जातं. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडलं तर तिन्हींचा निकाल दिसतो. भाचीच्या मेलला तिन्ही ठिकाणी 'पास'! ती खूश झाली, पण मला इथेच खरी गंमत वाटते. ठगाने स्वतःचं डोमेन विकत घेऊन त्याची कागदपत्रं चोख ठेवली की तोही पास होतो. मेल त्याच डोमेनचा आहे एवढंच त्यातून कळतं. डोमेन कुणाचं, ते आपणच बघायचं.

मग लिंक दाबून धरली. उघडली नाही, फक्त पूर्ण पत्ता वर आणला. सुरुवात झकास: स्कॉलरशिप्स डॉट जीओव्ही डॉट इन, म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलचाच पत्ता. पण तिथे तो संपत नव्हता. पुढे आणखी एक डॉट, एक भलतंच नाव आणि शेवटी 'डॉट टॉप'. इंटरनेट पत्ता उजवीकडून सोडवतं: आधी 'टॉप', मग त्याच्या डावीकडचं नाव. मालक तिथेच ठरला. त्याच्याही डावीकडे मालकाने वाट्टेल ते लिहावं. सुरतेतल्या वाड्यावर 'दांडिया बाजार' अशी पाटी लावली म्हणून तो बडोद्यात येत नाही. मात्र सुरुवातीचं 'https://' वगळून पहिल्या तिरक्या रेघेनंतरचा मजकूर सोडून द्यायचा, उजवीकडून मोजायचं ते त्या रेघेच्या अलीकडे.

"पण सुरुवातीला https आहे ना, ते कुलूपवालं?" भाचीचा शेवटचा प्रयत्न. कुलूप म्हणजे वाटेत कुणी ऐकत नाही, इतकंच. समोरचा चोर असला तर त्याच्याशीही बोलणं अगदी खासगीत होतं.

हे सगळं एका ठिकाणी निकामी ठरतं: वर्गमित्राचं खातं हॅक झालं असेल तर मेल खऱ्याच पत्त्यावरून येतो. तिथे त्याला फोन करण्याखेरीज इलाज नाही. आणि पासवर्ड देऊन बसलात तर तो लगेच बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 फिरवा. रक्कम तासाभरातही या खात्यातून त्या खात्यात पळते, पुढे सरकण्याआधी कळवलं तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.

भाचीने मेलमधली लिंक सोडली, पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप केला आणि लॉगिन केलं. तिचा अर्ज अजून तपासणीतच होता. पैसे भरायचं बटण कुठेच नव्हतं. उसळ मात्र पार गार झाली होती.