घडाघडा वाचलं, पण कळलं का?

माझी भाची सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने मला ‘श्यामची आई’मधलं पत्रावळीचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. एकाही जोडाक्षरावर अडखळली नाही, स्वल्पविरामसुद्धा नीट घेतले. वाचून झाल्यावर म्हणाली, “मामा, श्यामला पत्रावळ लावता येत नाही म्हणजे काय? जमिनीवर ठेवायचीच तर असते ना?”

तिच्या लेखी ‘लावणे’ म्हणजे मांडणे. सुटी पानं चोयीने, म्हणजे बारीक काडीने, एकमेकांना टाचून त्यांचं ताट करायचं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. मग श्यामला काय जमत नाही आणि अक्का त्याला काय शिकवते, हे तिला कळणार कसं? ‘चोय’ तिला अडली असती तर तिने विचारलं असतं. ‘लावणे’ ओळखीचा, म्हणून त्याने बेमालूम चकवलं. आणि तिचं वाचन ऐकताना मला वाटत होतं, पोरीला सगळं कळतंय.

मराठीत हा धोका जास्त आहे. देवनागरीत बहुतेक शब्द लिहितात तसेच उच्चारले जातात, त्यामुळे कधी न ऐकलेला शब्दही मूल बिनचूक वाचतं. 1986 साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: आकलन म्हणजे अक्षरांचा उलगडा गुणिले भाषेची समज. यात बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच. वर्गात प्रकटवाचन घेतो तेव्हा आपण पहिलीच बाजू तपासतो आणि शाबासकी देऊन मोकळे होतो.

दुसरी बाजू नुसत्या शब्दार्थांनी भरत नाही. डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या 64 मुलांना त्यांनी बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. मग मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं या कामात सरस ठरली. वाचनात हुशार, पण खेळाची माहिती नसलेली मुलं मागे पडली. आपल्याकडे क्रिकेट न पाहिलेल्या मुलासमोर ‘स्लिपमध्ये झेल सुटला’ हे वाक्य ठेवा. शब्द सोपे आहेत, पण चित्र उभं राहत नाही.

इथे कादंबरी कामाला येते. पाठ्यपुस्तकातला धडा चार दिवसांत संपतो आणि त्यातलं जगही त्याच्याबरोबर जातं. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त 42 रात्री, म्हणजे 42 प्रकरणं आहेत. माणसं तीच, घर तेच, कोकणही तेच. पहिल्या काही रात्रींत मुलाने जे कमावलं, ते विसाव्या रात्री वापरायला मिळतं.

पण नुसतं पुस्तक हातात दिलं की शब्द आपोआप येतात, हे फारसं खरं नाही. 1999 साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी 20 प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. वाचनाच्या ओघात भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी सरासरी 15 टक्केच मुलांना समजले होते. बाकीचे नुसते डोळ्यांखालून गेले. म्हणून सोबत मोठं माणूस लागतं, आणि कुठल्या शब्दावर थांबायचं हे त्याने ठरवावं लागतं.

इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिऑन या अमेरिकी अभ्यासकांनी केलेली शब्दांची तीन गटांतली विभागणी मला पटते. ‘घर’, ‘भूक’ शिकवावे लागत नाहीत. ‘चोय’सारखा शब्द सांगायचा, दाखवायचा आणि पुढे जायचं. खरी मेहनत घ्यायची ती ‘ओशाळणे’, ‘अगतिक’, ‘आर्जव’ अशा शब्दांवर. ते बोलण्यात कमी येतात, पण पुस्तकामागून पुस्तकात भेटतात. एका बैठकीला असे तीन-चार पुरेत. फळाभर शब्दार्थ उतरवून देण्याची पद्धत बंद करावी, असं मी मनापासून म्हणेन, कारण ती मुलाला चुकीची खात्री देते. ‘ओशाळणे = लाजणे’ असं वहीत लिहिलं की शब्द मेलाच. नवरी लाजते, ओशाळत नाही. मी भाचीला विचारलं, “मैत्रिणीचा डबा न विचारता संपवलास आणि ती उपाशी राहिली, तर लाजशील की ओशाळशील?” तिला एका क्षणात फरक कळला.

एकदा कळलेला शब्द टिकतो तो पुन्हा आठवावा लागला तर. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवत होतं. आठवड्याने विचारलं तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून आम्ही नवं प्रकरण उघडण्याआधी मागचे शब्द पुस्तक न बघता आठवतो. ‘ओशाळला’, ‘ओशाळून’, ‘ओशाळवाणं’ ही एकाच घरातली माणसं आहेत, हेही त्यातच बोलून होतं.

आणि पत्रावळ? बाजारातून पळसाची पानं आणली, खराट्याचे हीर मोडून चोया केल्या. तिची पहिली पत्रावळ उचलताच सुटली, दुसरीत चोय वर टोचत राहिली. तिसरीवर वरणभात वाढला, तर वरण खालून निघून गेलं. हात धुऊन तिने तेच प्रकरण पुन्हा उघडलं. या वेळी मनातल्या मनात वाचलं, मधेच थांबत, खूप सावकाश. मग वही घेऊन लिहायला बसली: पत्रावळ लावणे, कुलूप लावणे, रोप लावणे, नाट लावणे, जीव लावणे.