गुग्गुळ: मेदोरोगापासून चरबीच्या पेशीपर्यंत

गुग्गुळ, म्हणजे एका काटेरी झुडपाचा औषधी डिंक, चरबीच्या पेशी तयारच होऊ देत नाही, हा दावा अलीकडचा आहे. जुना आहे तो मेदोरोगाशी, म्हणजे अंगात मेद वाढण्याच्या विकाराशी, असलेला संबंध. सुश्रुतसंहितेत स्थौल्यावरच्या (लठ्ठपणावरच्या) उपायांत शिलाजित, गुग्गुळ, त्रिफळा, दारुहळदीचे रसांजन (आटवलेला अर्क) आणि सोबत जव, मूग, व्यायाम सांगितले आहेत. शेवटचे तीन जाहिरातीत सोयीस्करपणे गळतात. त्याच ग्रंथात आणखी एक भेद आहे: नवा गुग्गुळ बृंहण, म्हणजे अंग भरणारा, जुना अपकर्षण, म्हणजे ओढून कमी करणारा. ‘गुग्गुळ घ्या’ एवढे सांगून भागत नाही ते यामुळेच.

1966 मध्ये जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठातल्या प्रबंधासाठी सशांवर प्रयोग केले आणि मेदोरोगाचे वर्णन रक्तातल्या चरबीशी जोडून पाहिले. तिथून पुढे चर्चा कोलेस्टेरॉलचीच झाली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळापासून गुगुलिपिड हे औषध विकसित केले.

चरबीच्या पेशीचा धागा वेगळ्याच ठिकाणी सुरू होतो. हॉवर्ड ग्रीन यांनी 1974 च्या सुमारास अमेरिकेत उंदराच्या भ्रूणपेशींपासून 3टी3-एल1 हा प्रयोगशाळेत वाढवता येणारा पेशींचा वाण वेगळा केला. या पेशींना इन्सुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स ही द्रव्ये दिली, की आठ-दहा दिवसांत त्या तेलाच्या थेंबांनी भरतात. मग ‘ऑइल रेड ओ’ हा रंग घालायचा. जितका लाल, तितकी चरबी. वनस्पतीचा अर्क घातल्यावर लाली कमी झाली, की शोधनिबंधाला विषय मिळतो! दारुहळदीतल्या बर्बेरिनची अशी तपासणी झाली. 2008 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गुग्गुळातल्या गुग्गुलस्टेरोन या घटकामुळे या पेशींचे चरबीपेशींत रूपांतर रोखले जाते, असे दाखवले.

पण बशीतल्या पेशींना मिळणारी मात्रा गोळी गिळल्यावर माणसाच्या मेदापर्यंत पोचेलच असे नाही. 2003 मध्ये अमेरिकेत माणसांवर झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत तर गुगुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) घटण्याऐवजी थोडे वाढले, काहींच्या अंगावर पुरळही उठले. ती चाचणी कोलेस्टेरॉलची होती, वजनाची नव्हे. तरी बाटलीवरच्या दाव्यांकडे जपून पाहावे इतपत ती बोलकी आहे.

दरम्यान राजस्थान-कच्छच्या रुक्ष भागातले गुग्गुळाचे हे काटेरी झुडूप अतिसंकटग्रस्त यादीत गेले आहे. डिंकासाठी सालीला खोल चरे पाडले, की ते बहुधा वाळूनच जाते.