आश्व्याची लाट येते कुठून?

एप्रिलच्या अखेरीस सकाळी सहाला उत्तर गोव्यातल्या आश्व्याच्या किनाऱ्यावर उभं राहा. वारा नसल्यात जमा. असलाच तर जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई. पाणी तेलासारखं गुळगुळीत. तरीही दर पंधरा-सोळा सेकंदांनी लांबवरून एक काळसर रेघ सरकत येते, छातीभर पाण्यात ताठ उभी राहते आणि बाजूला सरकत सरकत फुटत जाते. वारा नसताना ही लाट उठवली कुणी?

ती इथं उठलेलीच नसते. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्याही दक्षिणेला, 40 अंश अक्षांशापलीकडे, वर्षभर वादळं घोंगावत असतात. तिथं उठलेल्या लाटांपैकी लांब लाटा सगळ्यांत वेगानं पुढे निघतात आणि वाटेत फारशी ताकद गमावत नाहीत. सोळा सेकंदांच्या अंतरानं येणाऱ्या लाटांचा जथा खोल समुद्रात ताशी सुमारे 45 किलोमीटरनं चालतो. 45 अंश दक्षिणेपासून गोव्यापर्यंतचं अंतर जवळपास 6,700 किलोमीटर. म्हणजे मंगळवारी आश्व्याला फुटणारी लाट साधारण आदल्या बुधवारी निघालेली असते! मला या हिशेबाचं अजूनही अप्रूप वाटतं.

सर्फिंगला अशीच लाट हवी: लांब, सुटसुटीत, दोन लाटांमध्ये श्वास घ्यायला उसंत देणारी. मतलई वारा तिच्या तोंडावर येतो आणि तिला क्षणभर जास्त उभी धरतो. दुपारी खारे वारे सुटले की तेच पाणी चुरगळतं. म्हणून इथले सर्फर पहाटे उठतात.

डिसेंबर ते फेब्रुवारीत दक्षिणेकडच्या लाटा क्षीण असतात. तेव्हा अरबस्तानावरून वाहणारे ‘शमाल’ वारे वायव्येकडून लाटा पाठवतात. त्यांचा माग दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी काढला आहे. या लाटा आखूड आणि लहान. नवशिक्यांना हरमल-मांद्र्याला याच बऱ्या.

मग मिरग लागतो. नैर्ऋत्य मोसमी वारा थेट आपल्याच समुद्रावर लाटा उठवतो, खोल पाण्यात त्या तीन-चार मीटरपर्यंत चढतात आणि एकमेकींच्या अंगावर येत राहतात. लाट मोठी म्हणजे सर्फिंगला चांगली, हा समज इथं जीव घेतो. फुटलेलं पाणी किनाऱ्याशी साचतं आणि वाळूच्या दांड्यांमधल्या फटीतून जोरात परत समुद्राकडे धावतं. वरून ती जागा शांत दिसते, लाटा तिथं कमी फुटतात, आणि पर्यटक नेमके तिथंच उतरतात. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडा. पण जून-जुलैत मुळात उतरूच नका. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरसुद्धा धक्क्याला बांधलेले असतात. लाल बावटा दिसला की माघारी फिरा, कुणी कितीही आग्रह केला तरी.

पावसाळी लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि थोड्या आत दांडे रचतात. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीच्या पाण्यात फुटते, म्हणून या दांड्यांवरच ती उभी राहते. समुद्र निवळला की वाळू हळूहळू परत किनाऱ्याला लागते. दांडे शाबूत आणि वारा पडलेला, असे ऑक्टोबरमधले काही दिवस मला वर्षातले सगळ्यांत सुंदर वाटतात.

त्या दिवसांत मोरजीला गेलात तर बोर्ड उचलण्याआधी घड्याळ लावून दहा लाटा मोजा. लागलेल्या वेळेला दहानं भागा. पाच-सहा सेकंद आले तर लाट जवळच्या वाऱ्याची. बाराच्या वर गेलं तर लांबची पाहुणी आली आहे. जीवरक्षकाला विचारा आणि उतरा.