पांढरीखालचं गाव

आपल्याकडे गावाची जमीन दोन रंगांची. काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची. मराठेशाहीतल्या जुन्या कागदांत तर 'समस्त पांढरी' म्हणजे अख्खं गाव, गावातली सगळी माणसं. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात एक शास्त्रीय निरीक्षण दडलेलं आहे. मातीचं घर पडतं आणि त्याच ढिगावर नवं उभं राहतं. चुलीतली राख, गोठ्यातलं शेण, फुटकी गाडगी, हाडकं, चुन्याचे खडे असं शेकडो वर्षं एकाच जागी साठत जातं. आजूबाजूचं रान काळंभोर असलं तरी वस्तीची जागा राखेनं आणि चुन्यानं भुरकट, पांढुरकी होते आणि हळूहळू टेकाडासारखी वर येते. उत्खनन करणारी मंडळी महाराष्ट्रात आली की नदीकाठी आधी हीच पांढरीची टेकाडं शोधतात.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी अशी काही टेकाडं होती. गाव इनामगाव. घोड ही भीमेची उपनदी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1968 पासून 1983 पर्यंत, हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखाली तिथं खोदकाम केलं. भारतातलं एखादं प्राचीन खेडं इतक्या चिकाटीनं आणि इतक्या मोठ्या क्षेत्रावर उलगडून पाहण्याची उदाहरणं मोजकीच. सव्वाशेहून अधिक घरं उजेडात आली. इ.स.पू. 1600 च्या सुमारास वसलेलं हे गाव जवळजवळ नऊशे वर्षं, म्हणजे इ.स.पू. 700 पर्यंत, त्याच काठावर नांदत होतं.

नदीकाठच्या संस्कृती म्हटलं की नाईल, युफ्रेटिस, सिंधू ही नावं येतात. पिरॅमिड, विटांची शहरं, मुद्रा, लिपी. घोड नदी त्या यादीत कुणी घालणार नाही. पण माणूस समाज करून कसा राहू लागला, पाणी आणि धान्य यांची सामाईक व्यवस्था त्यानं कशी लावली आणि ती मोडली तेव्हा काय झालं, हे शहरापेक्षा अशा खेड्यात जास्त स्वच्छ दिसतं असं माझं मत आहे.

मातीत घर कसं दिसतं? लाकडी खांब कुजून जातो, पण तो रोवलेला खळगा वेगळ्या रंगाच्या, भुसभुशीत मातीनं भरलेला राहतो. असे खळगे एका रांगेत सापडले की भिंतीची रेघ मिळते. मध्ये शेणामातीनं सारवलेली जमीन थरावर थर लागते. कुडाला लिंपलेली माती आगीत भाजली गेली असेल तर तिच्यावर काटक्यांचे ठसेसुद्धा राहतात. इनामगावात इ.स.पू. 1400 ते 1000 या भरभराटीच्या काळातली घरं चौकोनी आहेत, ऐसपैस आहेत आणि ढोबळमानानं ओळीत आहेत. दोन घरांमध्ये वाट सोडलेली आहे. आत चूल, धान्य साठवायला जमिनीत खणलेलं पेव, कणगी ठेवण्यासाठी केलेला गोल ओटा. आपल्या पणजीच्या घरात ठेवलं तरी हे काही परकं वाटलं नसतं.

धान्याचा शोध त्याहून गमतीचा. साधा दाणा मातीत कुजतो. पण स्वयंपाकात किंवा आगीत जळून त्याचा कोळसा झाला, तर त्याला कीड लागत नाही की बुरशी, आणि तो हजारो वर्षं टिकतो. चुलीजवळची माती पाण्यात ढवळली की माती खाली बसते आणि हलके जळके दाणे वर तरंगतात. ते गाळून भिंगाखाली धरायचे. त्यातून कळलं की इथं गहू होता, जव होता, तांदूळ, तीळ, वाटाणा आणि कडधान्यं होती. बोरं, आवळे, जांभळंही खाल्ली जात होती. हेच दाणे काळही सांगतात. सजीवाच्या शरीरात कार्बन-14 नावाचा किरणोत्सारी कार्बन अगदी थोड्या प्रमाणात असतो. जीव गेला की नवा येणं थांबतं आणि असलेला ठरलेल्या वेगानं घटतो, सुमारे 5730 वर्षांत निम्मा. किती उरला ते मोजलं की पीक कधी कापलं गेलं याचा अंदाज येतो.

जव आणि गहू ही रब्बीची पिकं. इनामगावचा पट्टा पर्जन्यछायेतला, आजही दुष्काळाच्या यादीत असणारा. मग त्या काळी रब्बीला पाणी कुठून? उत्तर टेकाडाच्या कडेलाच मिळालं. नदीचं पुराचं पाणी वळवून घेणारा खोल, रुंद चर आणि त्याच्या जोडीला दगडमातीचा लांबलचक बांध. लोखंडाचं एकही हत्यार नसताना हे खणलेलं आहे! तांबं थोडं, महागडं, बाकी सगळं दगड, लाकूड आणि हाड. विळ्याला गारगोटीची बारीक पाती बसवलेली. भीमेच्या खोऱ्यातल्याच वाळकी इथं तर गुराच्या हाडाचा नांगराचा फाळ मिळाला आहे.

असा चर एका कुटुंबाच्या आवाक्यातला नव्हता. पंचवीस-पन्नास घरांनी हात लावल्याशिवाय तो होणार नाही, आणि तो झाल्यावर दरवर्षी गाळ काढणं, पाण्याची पाळी ठरवणं, भांडणं मिटवणं आलंच. हे काम कुणीतरी बघत असणार. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक मोठं घर आहे आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. बाकीच्या घरांपेक्षा ते उठून दिसतं. ढवळीकरांनी त्याला गावच्या मुखियाचं घर मानलं. कुंभार, सोनार, मणी घडवणारे, हस्तिदंतावर काम करणारे कारागीर मात्र गावाच्या पश्चिम कडेला राहत होते. कुंभाराची गोल भट्टीसुद्धा मिळाली आहे. म्हणजे कुणाचं घर मध्ये आणि कुणाचं कडेला, हे तीन हजार वर्षांपूर्वी इथं ठरू लागलं होतं. हे वाचताना मन थोडं अस्वस्थ होतं, आणि व्हायलाच हवं.

या लोकांची भांडी पाहिली की मात्र नुसता आनंद होतो. लाल रंगाची, पातळ, इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. वर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, आणि तोटीची सुबक भांडी. ही घडण 1950-51 मध्ये संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे इथं पहिल्यांदा नीट ओळखली गेली, म्हणून सगळ्या संस्कृतीचंच नाव जोर्वे पडलं. तापी, गोदावरी-प्रवरा आणि भीमा यांच्या खोऱ्यांत तिची दोनशेच्या वर ठिकाणं आहेत. बहुतेक लहान खेडी. अपवाद थोडे, आणि त्यांतला सगळ्यात मोठा दायमाबाद.

दायमाबाद प्रवरेच्या डाव्या तीरावर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात. विस्तार सुमारे 20 हेक्टर. इथं वस्ती इ.स.पू. 2200 च्या आसपास सुरू झाली. एका थरात सिंधूकाठच्या लोकांच्या खुणा स्पष्ट आहेत: सिंधू लिपीची अक्षरं असलेल्या मुद्रा आणि खापरं, आणि कच्च्या विटांनी बांधून काढलेली एक कबर. त्या विटांची लांबी, रुंदी आणि जाडी यांचं प्रमाण 4:2:1, अगदी हडप्पा-मोहेंजोदडोच्या विटांचं. इ.स.पू. 1900 नंतर तिकडची मोठी शहरं ओस पडू लागली आणि माणसं पांगली. त्यांतली काही, किंवा निदान त्यांची वीट पाडायची रीत, चालत प्रवरेपर्यंत आली.

1974 मध्ये दायमाबादच्या एका गावकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ हाकणारा माणूस. भरीव ओतकाम, एकूण वजन साठ किलोहून जास्त. रथच 45 सेंटिमीटर लांब आहे. या मूर्ती थेट थरातून न मिळाल्यानं त्यांच्या काळाबद्दल वाद झाला. अनेक अभ्यासक त्या उत्तर-हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळातल्या मानतात, तर धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली. एक मूर्ती थराबाहेर निघाली की केवढी माहिती हातातून निसटते ते इथं कळतं. पांढरीची माती शेतात चांगली म्हणून अनेक गावांत ती भरभरून नेली जाते. तिच्याबरोबर थरही जातात, आणि ते परत रचता येत नाहीत.

मोहेंजोदडोचा पसारा 200 हेक्टरांहून मोठा होता. मग प्रवरेकाठी तसं शहर का झालं नाही? इथली माणसं कमी हुशार होती म्हणून खचित नाही. उत्तर नद्यांमध्ये आहे. नाईल दरवर्षी पूर आणायची आणि दोन्ही तीरांवर मऊ गाळ पसरून जायची. सिंधूचं मैदान असंच गाळाचं, सपाट, मैलोगणती. अशा जमिनीत हलक्या लाकडी नांगरानंही भरपूर पिकतं, आणि पिकवणाऱ्याच्या पोटापेक्षा जास्त उरतं. त्या उरलेल्या धान्यावर कारकून, गवंडी, व्यापारी, पुजारी जगतात. दख्खनच्या नद्या बेसॉल्टच्या कातळात खोल उतरलेल्या. गाळाची जमीन काठानं चिंचोळ्या पट्ट्यांत, आणि त्यापलीकडे काळी कसदार रेगूर, जी पावसात चिकटून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिला खोलवर फोडायला लोखंडी फाळ हवा. पाऊसही लहरी. त्यामुळे कोठार भरायचं ते एका गावापुरतं. काही अभ्यासक लोखंडावर इतका भार टाकत नाहीत, व्यापार आणि राज्यव्यवस्थेलाही श्रेय देतात, आणि ते रास्त आहे. पण नदीनं घातलेली मर्यादा नाकारता येत नाही.

इनामगावच्या माणसांना मी सगळ्यात जवळून ओळखतो ते त्यांच्या मृतांमुळे. इथं दोनशेहून अधिक दफनं मिळाली, आणि त्यांत बहुसंख्य लहान मुलांची. तान्हं मूल गेलं की दोन मातीच्या घागरी तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवायच्या, त्यात मूल ठेवायचं आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं. वरून सारवायचं. आई त्याच जमिनीवर चूल पेटवत असणार. मोठ्या माणसांना उताणं, डोकं उत्तरेकडे करून पुरत, सोबत खाण्यापिण्याची भांडी ठेवत, आणि घोट्याखाली पाय तोडत. मेलेल्यानं चालत दूर जाऊ नये, आपल्यातच राहावं अशी समजूत असावी, असा तर्क आहे.

प्रवरेकाठच्याच नेवाशात एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. कापूस, रेशीम यांचे धागे आपल्या हवेत टिकत नाहीत. पण तांबं गंजताना तयार होणारे क्षार जंतूंना मारक असतात, म्हणून मण्यांच्या आतला दोरा वाचला. त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही होते. कुणीतरी हौसेनं ओवलेली माळ, मूल गेल्यावरही न काढलेली.

इ.स.पू. 1000 नंतर इनामगावचं रूप पालटतं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, भांड्यांची सफाई उतरते, गहू कमी होतो, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांच्यावर भिस्त वाढते. पाऊस घटला आणि लोक अर्धे भटके झाले, असं ढवळीकरांनी मांडलं. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इथल्या मुलांची हाडं नव्यानं तपासली. उपासमारीत दातांची वाढ फारशी अडत नाही, हाडांची मात्र खुंटते. म्हणून दातांवरून मुलाचं वय काढायचं आणि मांडीच्या हाडाची लांबी त्या वयाला शोभते का ते पाहायचं. शेवटच्या काळातल्या मुलांवर कुपोषणाचा ताण दिसला. पण सगळा दोष एकट्या पावसावर टाकायला शुग तयार नाहीत. मलाही ते पटतं. जमिनीचा कस, वाढलेली तोंडं, मोडलेली व्यवस्था हे सारं एकमेकांत गुंतलेलं असतं, दुष्काळ जवळून पाहिलेल्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक आहे.

त्याच गावाच्या मध्यभागी, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांचा मातीचा मोठा रांजण सापडला. त्यात एक पुरुष मांडी घालून बसवलेला होता. त्याचे पाय तोडलेले नव्हते. जवळच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली आहे. उन्हाळ्यात गुडघाभरही पाणी न उरणाऱ्या नदीकाठच्या चिताऱ्यानं ती काढली. घोडेला पूर आला की तिच्यात नाव घातली जात असेल, किंवा मेलेल्याला पैलतीरी न्यायला ती असेल.

पुढे गाव उठलं. इतर खेडीही बहुतेक ओस पडली. नेवाशाला लाडमोड नावाच्या टेकाडात जोर्वेच्या थरानंतर मोठा खंड आहे, आणि मग सातवाहन काळाचा थर लागतो. त्यात लोखंड आहे, विटांची घरं आहेत आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या कुंभांची खापरं आहेत. त्याच गावात, त्याच प्रवरेच्या काठी, तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली.