टाइम्सचे स्टार वेगळे, मिशेलिनचे वेगळे

न्यू जर्सीतल्या मावसभावाने परवा विचारलं, “मॅनहॅटनच्या ‘पर से’ रेस्टॉरंटला स्टार किती रे? एक जण तीन म्हणतो, दुसरा दोन. थापा कोण मारतंय?” कुणीच नाही. दोघं वेगवेगळ्या वहीतून वाचतायत.

मिशेलिन सगळ्यांना ठाऊक: टायरवाली कंपनी, तिची रेस्टॉरंटची गाइड, नाव न सांगता जेवून जाणारे निरीक्षक, जास्तीत जास्त तीन स्टार. (स्टार रेस्टॉरंटला असतो, शेफला नाही. ‘मिशेलिन स्टार शेफ’ ऐकलं की माझं डोकं उठतं.) न्यूयॉर्कमध्ये मिशेलिन आलं 2005 साली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ मात्र त्याचा समीक्षक क्रेग क्लेबर्नच्या काळापासून, म्हणजे 1960 च्या दशकापासून स्टार देतोय. तिथे कमाल चार. चार म्हणजे तीनापेक्षा भारी, असला हिशेब मांडू नका. टाइम्सचा एक स्टार म्हणजे नुसतं ‘चांगलं’. मिशेलिनचा एक मिळाला तर भटारखान्यात जल्लोष होतो.

खरी गोची तारखेत आहे. मिशेलिनचा स्टार भाडेकरारासारखा, दरवर्षी नवा. टाइम्सचा एका समीक्षकाच्या एका लेखाला चिकटलेला. पुढचा लेख येईपर्यंत तोच चालतो, मग मध्ये कितीही वर्षं जावोत. ‘पर से’ला 2004 मध्ये टाइम्सच्या फ्रँक ब्रुनीने चार दिले, 2011 मध्ये सॅम सिफ्टननेही चार. मग थेट जानेवारी 2016 मध्ये पीट वेल्सचा लेख आला. त्याने मशरूमच्या सुपाची तुलना गांजाच्या हुक्क्यातल्या पाण्याशी केली आणि चाराचे दोन झाले. शेफ थॉमस केलरने जाहीर माफी मागितली. मिशेलिनचे तीन जागच्या जागी! वेल्सच्या रागात बिलाचाही वाटा होता. टाइम्स चवीसोबत सेवा, वातावरण, किंमतही धरतो. मिशेलिन ताटापलीकडे बघत नाही, निदान तसं सांगतं तरी.

उलटही होतं. ‘जाँ-जॉर्ज’ला वेल्सने 2014 मध्ये चार दिले, 2017 मध्ये मिशेलिनने तिथला तिसरा स्टार काढला.

माझा कल टाइम्सकडे. लेखाखाली माणसाचं नाव असतं, त्याच्याशी भांडता येतं. फक्त आधी तारीख बघा.

मिशेलिनच्या 2005 च्या पहिल्या न्यूयॉर्क यादीत चार रेस्टॉरंटना तीन स्टार होते. त्यातलं दोन्ही वह्यांत टिकलेलं एकच, ‘ल बर्नार्दां’. टाइम्सचे चार तर त्याच्याकडे 1986 पासून आहेत. तिथे मुख्यतः मासेच असतात, हे कळल्यावर माझ्या त्या मालवणी मावसभावाने पुढचं काही विचारलंच नाही.