तारेतून आवाज जात नाही, आकडे जातात

मिडी ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांची एकमेकांशी बोलायची भाषा. तिच्या तारेतून ड्रमचा आवाज येतो, असं मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहायलाच हवं. सिक्वेन्सर, म्हणजे कधी काय वाजवायचं ते सांगणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर, ड्रम मशीनला पाठवतो ते फक्त आकडे. आवाज मशीनच्या पोटात तयार होतो.

बास ड्रमच्या एका ठोक्याला बहुधा तीन आकडे पुरतात: 153, 36, 100. पहिला म्हणतो 'दहाव्या चॅनलवर वाजव', दुसरा 'काय', तिसरा 'किती जोरात'. 1983 साली ठरलेल्या या भाषेत तारेचा वेग सेकंदाला 31,250 बिट. प्रत्येक आकड्याला सुरुवातीची आणि शेवटची खूण धरून 10 बिट लागतात, म्हणजे एक ठोका पोचायला साधारण 1 मिलिसेकंद.

पण पॅटर्न, म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन, मशीनमध्येच साठवलेला असेल, तर एकेक ठोका पाठवायची गरजच नाही. पॅटर्नचा क्रमांक पाठवायचा आणि सोबत घड्याळ. या घड्याळाच्या मी प्रेमात आहे.

घड्याळ म्हणजे 248 हा एकच आकडा, एका मात्रेत 24 वेळा. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर दर 20.8 मिलिसेकंदांनी एक टिक. सोळा घरांच्या (एक घर म्हणजे पाव मात्रा) नेहमीच्या पॅटर्नमध्ये दर सहा टिकांना एक घर पुढे. टिकेवर क्रमांक नसतो, मशीनने स्वतःच मोजायचं. मोजणी सुरू करायला 250 येतो, पण त्यावर काही वाजत नाही. त्यानंतरचा पहिला 248 म्हणजे सम. आणि या 248 ला कुठेही घुसायची मुभा आहे, अगदी 153, 248, 36, 100 असं ठोक्याच्या निरोपाच्या मधेसुद्धा. मशीनने टिक मोजायची आणि अर्धवट निरोप तिथूनच पुढे ऐकायचा.

सोन्याचा मुलामा दिलेल्या मिडी तारेने आवाज 'उबदार' होतो, ही निव्वळ जाहिरातबाजी. तारेच्या टोकाला मशीनमध्ये एक बारीक दिवा लुकलुकतो आणि समोरचा प्रकाशसंवेदक फक्त 'पेटला' की 'विझला' एवढंच पाहतो. तिथे सोन्याला करण्यासारखं काही नाही.

पॅटर्न बदलायला मात्र वेळ साधावी लागते. मी पाचव्या आवर्तनाच्या बरोब्बर समेवर नव्या पॅटर्नचा क्रमांक ठेवला होता. तो वाजला सहाव्यात. अख्खी संध्याकाळ मी सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसलो. चालू पॅटर्न संपल्याशिवाय माझं मशीन दुसरा घेत नाही, आणि क्रमांक पोचेपर्यंत त्याने जुना पुन्हा सुरू केलेला असे. क्रमांक अर्धी मात्रा आधी सरकवला आणि नवा पॅटर्न नेमका समेवर आला.

सॉफ्टवेअरमधल्या ड्रम मशीनला हे मोजणं बहुतेक वेळा करावंच लागत नाही. आवाजाचा प्रत्येक तुकडा मागताना मुख्य प्रोग्राम त्याला सांगू शकतो, गाणं आत्ता कितव्या मात्रेवर आहे. म्हणून गाणं मधूनच सुरू केलं तरी त्याचा ठेका जागेवर पडतो.