कोसळले की आदळले? डोंगरातल्या विमान अपघातांची पार्श्वभूमी

डोंगरात विमान गेले की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात एकच क्रियापद असते : कोसळले. गोव्यातली मराठी वर्तमानपत्रेही त्याला अपवाद नाहीत. पण कोसळते ते वरून खाली. इथे ज्या प्रकाराबद्दल लिहितो आहे त्यात इंजिने चालू असतात, पंख शाबूत असतात, विमान वैमानिकाचे ऐकत असते आणि तरीही ते उडत उडत डोंगरावर जाते. त्याला शब्द हवा तर ‘आदळले’. तपास अहवालांतली संज्ञा ‘कंट्रोल्ड फ्लाइट इन्टू टेरेन’, म्हणजे ताब्यातले विमान जमिनीवर जाणे. तिचे मराठीत ‘नियंत्रित उड्डाण’ झाले की वाचणारा विचारतो, नियंत्रणात होते तर धडकले कसे? नियंत्रित याचा अर्थ एवढाच, की यंत्र बिघडलेले नव्हते. समोर काय आहे ते माणसाला वेळेत कळले नव्हते.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आषाढात केरीच्या अंजुणे धरणाजवळ उभे राहिले तर चोर्लाघाट असतो जागेवरच, पण दिसत नाही. ढगाआडून कधी विमानाची घरघर ऐकू येते. मग ढग मधेच फाटतो आणि ओला, काळा कडा एकदम समोर येतो, इतका जवळ की आपण दोन पावले मागे सरतो. बंगळूर, हैदराबादकडून गोव्यातल्या दाबोळी किंवा मोपा विमानतळावर येणारी विमाने सह्याद्री ओलांडूनच उतरतात, पण त्यांना डोंगर पडद्यावर दिसत असतो आणि उंचीची मर्यादा आखून दिलेली असते. दरीतून, जमिनीकडे बघत जाणाऱ्या हेलिकॉप्टरची गोष्ट वेगळी.

८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ तेच झाले. सुलूरहून वेलिंग्टनला निघालेले हवाई दलाचे हेलिकॉप्टर निलगिरीत आदळले. आत १४ जण होते, देशाचे संरक्षण दल प्रमुख त्यांत होते. १३ जण त्याच दिवशी गेले, चौदावा अधिकारी आठवडाभराने. रेल्वेच्या रुळांजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांनी काढलेल्या चित्रफितीत हेलिकॉप्टर धुक्यात शिरताना दिसते. मग नुसते धुके, आणि आवाज.

जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले. यांत्रिक बिघाड नाही, घातपात नाही, निष्काळजीपणाही नाही. दरीतले हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाचे दिशाभान हरपले. डिसेंबर २०२४ मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला. २०१७ ते २०२२ या काळातल्या हवाई दलाच्या ३४ अपघातांच्या तक्त्यात या अपघातापुढे कारण होते : मानवी चूक, वैमानिक दल. मथळ्यांनी तेवढेच उचलले.

या दोन नोंदी एकमेकींच्या विरुद्ध आहेत का? कागदावर नाहीत. ढगात शिरल्यावर कानातला तोल आणि डोळे वेगवेगळे सांगू लागतात, सरळ चाललो आहोत असे वाटत असताना यंत्र कलंडलेले असते. वर्गीकरणात याला मानवी चुकीच्या रकान्यातच जागा आहे. पण मराठीत चूक होणे वेगळे आणि चूक करणे वेगळे. रकान्यात हा भेद मावत नाही. २०२२ च्या निवेदनाने ‘निष्काळजीपणा नाही’ असे स्पष्ट म्हटले होते. ते वाक्य तीन वर्षांनी मथळ्यांत आले नाही. जे उत्तर द्यायला उरले नाहीत त्यांच्या नावावर एका शब्दाने केवढा भार पडला! मला हा अन्यायच वाटतो.

हा वाद नवा नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ उतरू पाहणारे बोइंग ७२७ वादळी हवेत व्हर्जिनियातल्या डोंगरावर गेले, ९२ मृत्यू. ‘अप्रोचला’, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे यायला, ‘परवानगी’ या शब्दांचा अर्थ वैमानिकाने घेतला, की आता खाली यायला हरकत नाही. जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या नियंत्रकाच्या लेखी उंची सांभाळणे वैमानिकाचे काम होते. तपास मंडळात तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली : तिघांनी वैमानिकांच्या खाली येण्याच्या निर्णयावर बोट ठेवले, दोघांनी नियंत्रकावर. त्यानंतर जमिनीचा इशारा देणारे यंत्र तिथे सक्तीचे झाले. ते फक्त पोटाखालची जमीन मोजत असे, त्यामुळे उभ्या कड्यापुढे काही सेकंदच हाती उरत. समोरचा डोंगर नकाशावरून ओळखून आधीच ‘टेरेन, टेरेन’ ओरडणारे यंत्र नव्वदच्या दशकात आले. १९९१ मध्ये इम्फाळजवळच्या डोंगरात ६९ जण गेले तेव्हा ते नव्हते.

आपल्या सह्याद्रीतला मोठा अपघात ७ जुलै १९६२ चा. गोवा मुक्त होऊन सात महिनेही झाले नव्हते. मुंबईला उतरणारे इटालियन डीसी-८ विमान रात्री जुन्नरजवळच्या डोंगरावर गेले, ९४ मृत्यू. मुंबई जवळ आली असे समजून विमान लवकर खाली आणले गेले, किमान सुरक्षित उंची मोडली गेली, आणि वैमानिकाला हा मुलूख परिचयाचा नव्हता, असे अहवाल सांगतो.

त्याआधी आणि नंतर, मुंबईहून निघालेली दोन विमाने युरोपातल्या मों ब्लां पर्वतावर आदळली. १९५० च्या विमानात जहाजावर रुजू व्हायला निघालेले खलाशी होते. गोव्यात बोटीवर जाणाऱ्यांची घरे गावोगाव आहेत, त्यामुळे त्या विमानातले ४८ जण मला परके वाटत नाहीत. जानेवारी १९६६ च्या विमानात ११७ होते. नियंत्रकाने विमानाची जागा दुरुस्त करून सांगितली होती. वैमानिकाला वाटले, पर्वत मागे पडला. २०२० मध्ये तिथल्या हिमनदीतून त्या विमानातली वर्तमानपत्रे बाहेर आली. ओली, पण वाचता येण्याजोगी. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार, हा मथळा त्यांवर होता.